आठवड्याचं वजनाचं इंजेक्शन सुरू करताय? कोकणातल्या घरात काय तयारी ठेवायची, पुढे काय काय होतं

माझं स्वतःचं इंजेक्शन चालू आहे, वहिनीचंही चालू आहे, आणि आता देवगडपासून चिपळूणपर्यंत ओळखीतली माणसं फोन करून विचारतात की बाबा सुरू केल्यावर नक्की काय होतं, उलट्या होतात काय, जेवण जातं काय, फ्रीजमध्ये ठेवायचं काय. मी डॉक्टर नाही, औषध लिहून देणारा तुमचा डॉक्टरच, पण घरात रोजच्या रोज काय करावं लागतं ते डॉक्टरच्या पाच मिनिटांत बोलून होत नाही म्हणून सगळं इथे लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पहिला महिना वजन उतरवायचा नसतोच, तो पोटाला औषधाची सवय लावायचा असतो. सुरुवातीचा डोस मुद्दाम बारीक ठेवलेला असतो. सेमाग्लुटाइड असेल (वेगोवी, ओझेम्पिक वगैरे नावांनी मिळतं) तर ०.२५ मिलिग्रॅम, टिर्झेपटाइड असेल (मौन्जारो) तर २.५ मिलिग्रॅम, आठवड्यातनं एकदा, असे चार आठवडे. या डोसवर कुणाचं दोन किलो उतरतं, कुणाचा काटा हलत पण नाही, आणि दोन्ही ठीक आहे. काटा हलला नाही म्हणून लोक दुसऱ्या आठवड्यात निराश होतात आणि स्वतःच्या मनाने डोस वाढवतात, मग चार दिवस बाथरूम सोडून बाहेर येत नाहीत. हे अजिबात करू नका.

काम कसं करतं ते थोडक्यात सांगतो म्हणजे पुढचं सगळं समजेल. जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचं हार्मोन सुटतं, ते मेंदूला सांगतं की पोट भरलं आता बस. शरीरातलं हे हार्मोन काही मिनिटांत संपतं, औषधातलं मात्र त्याच्यासारखंच पण टिकाऊ बनवलेलं आहे. सेमाग्लुटाइड निम्मं व्हायला साधारण एक आठवडा लागतो, टिर्झेपटाइडला पाचेक दिवस, आणि टिर्झेपटाइड जीआयपी नावाच्या दुसऱ्या एका हार्मोनचं पण काम करतं. म्हणून सुई आठवड्यातनं एकदाच. पण याचीच दुसरी बाजू अशी की एकदा टोचलं की परत काढता येत नाही, त्रास झाला तर तो ओसरायला पण दिवस लागतात, डोकेदुखीच्या गोळीसारखं संध्याकाळपर्यंत उतरलं असं होत नाही. आणि आधीच्या आठवड्याचं औषध अंगात शिल्लक असतानाच पुढची सुई बसते, त्यामुळे एकाच डोसवर चार-पाच आठवडे ते साठत साठत जातं. डोस हळू वाढवायचा तो एवढ्यासाठी.

सुरू करायच्या आधी

हे औषध प्रत्येक जाड माणसाला देत नाहीत. साधारण बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३० च्या वर, किंवा २७ च्या वर आणि सोबत शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, झोपेत श्वास अडकणं असं काहीतरी, अशांसाठी ते आहे. लग्नाआधी पाच किलो उतरवायचंय म्हणून घ्यायची ही गोष्ट नव्हे.

डॉक्टरकडे गेलात की विचारायची वाट न बघता या गोष्टी स्वतःहून सांगा. घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झालाय काय, त्यातला मेड्युलरी नावाचा प्रकार असेल तर हे औषध चालतच नाही. तुम्हाला कधी पॅन्क्रियाजला (स्वादुपिंडाला) सूज आली होती काय, पित्ताशयात खडे आहेत काय. शुगरसाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे काय, कारण जेवण निम्म्यावर आलं आणि गोळी तेवढीच राहिली तर शुगर धाडकन खाली येते, हात थरथरतात, घाम फुटतो, त्यामुळे त्या गोळीचा डोस डॉक्टर बहुतेक आधीच कमी करतात. बीपीच्या गोळीत लघवी जास्त करणारं औषध असेल तर तेही सांगा. शुगर जुनी असेल तर सुरू करायच्या आधी डोळ्याचा पडदा तपासून घ्या, शुगर एकदम पटकन खाली आली तर पडद्याचा त्रास काहींना वाढतो. रक्ताच्या तपासण्या डॉक्टर सांगतीलच, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन (किडनीसाठी), लिव्हर, थायरॉइड.

बायकांसाठी एक वेगळं, आणि हे आपल्याकडे संकोचापायी बोललंच जात नाही. दिवस राहायचे असतील तर हे औषध चालत नाही, सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी बंद करावं लागतं. टिर्झेपटाइडमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होऊ शकतो, म्हणून सुरू केल्यावर चार आठवडे आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे दुसरी काहीतरी काळजी घ्यावी लागते. पीसीओडी असेल आणि वर्षानुवर्षं पाळी अनियमित असेल तर वजन उतरल्यावर ती नियमित व्हायला लागते, म्हणजे आपल्याला दिवस राहतच नाहीत या भरवशावर राहू नका.

खर्चाचं पण आधीच बसून बोला. मौन्जारो २०२५ च्या मार्चमध्ये भारतात आलं तेव्हा २.५ ची एक व्हायल (एका डोसची छोटी बाटली) ३,५०० रुपयांना होती आणि ५ ची ४,३७५ ला, आणि महिन्याला अशा चार लागायच्या. वेगोवी त्याच वर्षी जूनमध्ये आलं. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचं पेटंट इथे संपलं, त्यामुळे आता मेडिकलवाल्याला आणि डॉक्टरला दोघांनाही विचारा की कुठल्या कंपनीचं किती पडतं. हिशोब पहिल्या महिन्याचा करू नका, डोस वाढतो तसा बहुतेक ठिकाणी खर्च वाढतो, आणि हे तीन महिन्यांत आटपणारं काम नाही. वर्षभर झेपेल का ते बघा.

आणायचं कुठून आणि ठेवायचं कसं

आपल्याकडे हाच सगळ्यात अवघड भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

न उघडलेला पेन (आत औषध भरलेलं, पेनासारखं दिसणारं इंजेक्शन) किंवा व्हायल २ ते ८ डिग्रीत, म्हणजे फ्रीजमध्ये. बाहेर ठेवायची सवलत असते पण ती ठराविक दिवसांची आणि ३० डिग्रीच्या खाली असेल तरच, प्रत्येक कंपनीचे दिवस वेगळे, डब्यातला कागद वाचा. मौन्जारोचा चार डोसवाला पेन वापरायला काढला की ३० दिवस चालतो, तोही ३० डिग्रीच्या खाली. आता एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे दुपारी ३० च्या खाली कुठे असतं? कौलारू घरात माडीवर तर बघायलाच नको. त्यामुळे कागदावर काहीही सवलत असू दे, कोकणात उन्हाळ्यात पेन फ्रीजमध्येच.

फ्रीजमध्ये पण जागा बघून ठेवा. जुने एका दाराचे फ्रीज असतात त्यात बर्फाच्या कप्प्याच्या बरोबर खाली ठेवलं तर औषध गोठतं, आणि गोठलेलं औषध वितळलं तरी फुकट गेलं, दिसायला अगदी पाण्यासारखं स्वच्छ दिसेल पण वापरायचं नाही. दारात ठेवलं तर दर वेळी उघडझाप होते. मधला कप्पा, पुढच्या बाजूला, मूळ खोक्यातच, आणि ते खोकं प्लास्टिकच्या एका डब्यात. माशांच्या डब्याच्या शेजारी ठेवलं तरी औषधाला काही होत नाही पण घरातलं कुणीतरी पसारा आवरताना उचलून फ्रीजरमध्ये टाकतं, म्हणून डब्यावर नाव घालून ठेवा.

लाइट जाते तेव्हा काय करायचं? दोन-चार तास गेली तर फ्रीज उघडू नका, आतली थंडी टिकते. पावसाळ्यात दिवस दिवस जाते, आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगड-श्रीवर्धन भागात कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. अशा वेळी चांगला थर्मास किंवा मासळीवाल्यांकडे असतो तसा थर्माकोलचा खोका, त्यात तळाला बर्फ, बर्फावर जाड टॉवेलची घडी, त्यावर डब्यात पेन. पेन बर्फाला टेकता कामा नये. देशावरचे नातेवाईक सांगतात की ओल्या मडक्यात ठेव, तिकडे कोरड्या हवेत ते चालतं, आपल्या दमट हवेत पाणी उडतच नाही तर मडकं गार कसं होणार, त्याच्या भरवशावर हजारो रुपयांचं औषध ठेवू नका. जवळपास इन्व्हर्टरवर फ्रीज चालणारं घर किंवा दवाखाना कुठला ते आधीच विचारून ठेवा.

आणताना बिल घ्या, बॅच नंबर आणि एक्स्पायरी बघा, आणि मेडिकलमध्ये ते फ्रीजमधून काढून देतायत काय ते डोळ्याने बघा. मुंबईचा चाकरमानी येताना घेऊन येणार असेल तर त्याला नीट सांगा की बॅग गाडीच्या डिकीत टाकायची नाही, एसटीच्या टपावर तर नाहीच, थर्मासात घालून जवळ ठेवायची. गणपतीला मुंबई-गोवा हायवेवर किती तास अडकायला होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आणि कुणी मेसेजवर स्वस्तात देतो म्हणाला, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देतो म्हणाला, तर त्याच्या वाटेला जाऊ नका, आत काय भरलंय ते देव जाणे.

पहिली सुई

माणसं या सुईला जेवढी घाबरतात तेवढं त्यात काही नाही. केसासारखी बारीक चार-पाच मिलिमीटरची सुई असते, मुंगी चावल्याएवढं पण कधी कधी लागत नाही. पोटावर बेंबीपासून दोन इंच सोडून, किंवा मांडीच्या पुढच्या बाजूला. दंडावर घेता येतं पण तिथे दुसऱ्या कुणीतरी द्यावं लागतं. दर आठवड्याला जागा बदला, तीच तीच जागा धरली तर तिथे गाठी होतात.

हात धुवा, पेन अर्धा तास आधी बाहेर काढलात तर थंडगार औषधाची चुणचुण कमी होते. औषध स्वच्छ पाण्यासारखं दिसायला हवं, गढूळ असेल किंवा कण दिसले तर घ्यायचं नाही. नवीन सुई लावा, एक थेंब बाहेर येतोय काय ते कागदात सांगितल्याप्रमाणे बघा, मागचं बटण फिरवून डोस लावा, टोचा, बटण पूर्ण दाबा आणि दाबून ठेवून सावकाश दहा मोजा, मगच सुई बाहेर. सुई पेनला लावून ठेवू नका. मौन्जारोच्या पेनमध्ये चार डोस झाल्यावर पण थोडं औषध उरलेलं दिसतं, ते वापरायचं नसतं, जीवावर आलं तरी टाकायचंच. व्हायल असेल तर सिरिंजमध्ये कुठल्या रेषेपर्यंत ओढायचं ते डॉक्टरकडून किंवा नर्सकडून प्रत्यक्ष बोट ठेवून दाखवून घ्या, फोनवर विचारून भरू नका. एक पेन नवरा-बायकोत वाटून घ्यायचा नाही, सुई बदलली तरी नाही.

वार कुठला निवडायचा? औषधाचा जोर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त जाणवतो. आपल्याकडे बऱ्याच घरांत सोमवार शाकाहारी असतो, तेव्हा मी रविवारी दुपारचं जेवण नीट झालं की संध्याकाळी घेतो, म्हणजे जोराचे दिवस सोमवार-मंगळवार येतात आणि तेव्हा घरातच आमटी-भात, पेज असं हलकं असतं. शुक्रवारी घेतलं की रविवारी सगळे मासे हाणत असतात आणि आपल्याला वासाने मळमळतं. ज्याच्या त्याच्या घराप्रमाणे बघा, पण वार एकदा ठरला की तोच. बदलायचाच झाला तर दोन सुयांमध्ये सेमाग्लुटाइडला निदान दोन दिवस आणि टिर्झेपटाइडला तीन दिवस अंतर पाहिजे.

पहिले काही आठवडे

कुणाला दुसऱ्याच दिवशी फरक कळतो, कुणाला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. मला आधी जाणवलं ते हे की डोक्यात सतत चाललेलं असतं ना, आता चहाबरोबर काय खाऊ, फ्रीजमध्ये कालचं काय उरलंय, ते शांत झालं. ताटात वाढलेलं अर्धं खाऊन पोट भरतं. यावर कुणाचा विश्वास बसत नाही, कारण वर्षानुवर्षं ऐकवलेलं असतं की तुझा तोंडावर ताबा नाही. ताबा वगैरे काही नव्हतं हो, भूक आणि तृप्तीचा मेंदूतला हिशोबच बिघडलेला होता, ज्यांना ऐकून ऐकून लाज वाटायला लागलीय त्यांनी हे मनाला नीट सांगावं.

त्रास काय होतो तर मळमळ सगळ्यात जास्त, मग बद्धकोष्ठता, कधी जुलाब, करपट ढेकर, कधी सडक्या अंड्यासारखा वास येणारे ढेकर, छातीत जळजळ, थकवा, डोकं दुखणं. बहुतेकांना सौम्य असतं, डोस वाढवल्यावर आठवडा-दोन आठवडे वर येतं आणि मग बसतं. यातलं बरंचसं पोट हळू रिकामं होतं त्यामुळे आहे, म्हणजे सकाळचं जेवण दुपारी पण पोटातच असतं आणि आपण वरून आणखी टाकतो. म्हणून ताट लहान घ्या, निम्मं वाढा, सावकाश खा, आणि पोट भरल्याची पहिली खूण आली की तिथेच थांबा. आपल्याला ताटात टाकायचं नाही ही शिकवण आहे, ती ठीक आहे, पण मग आधीच कमी वाढून घ्या. तो शेवटचा घास बळेबळे खाल्ला की तासाभराने उलटी ठरलेली.

तेलकट आणि जाड वाटपाचं जोराच्या दोन दिवसांत टाळा. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप घातलेली कोंबडी-वडे, तळलेली सुरमई, मटण, हे सगळं पोटात दगडासारखं बसून राहतं. त्याऐवजी मुडदुशाचं पातळ कालवण, बांगड्याचं तिखलं, बोंबील तव्यावर थोड्या तेलात. सोलकढी आवडते सगळ्यांना, पण नारळाच्या रसाची सोलकढी जड जाते, फुटी कढी करा, नारळ न घालता, पचायला हलकी. ज्याला जळजळ जास्त आहे त्याने मात्र आंबट बेतानेच. मळमळ असेल तर आल्याचा तुकडा मीठ लावून चघळणं, लिंबू-मीठाचं पाणी, असं घरातलंच बऱ्याच जणांना चालतं, आणि फारच असेल तर डॉक्टर गोळी देतात, सोसत बसू नका.

सकाळची उकड्या तांदळाची पेज या औषधावर असलेल्या माणसाला देवाने दिलेली गोष्ट आहे असं मला मनापासून वाटतं. पाणी जातं, मीठ जातं, पोटाला शांत वाटतं. फक्त पेजेत प्रोटीन फारसं नसतं, म्हणून सोबत उकडलेलं अंडं, कुळथाची पिठी किंवा भाजलेला माशाचा तुकडा हवाच.

प्रोटीनचं मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगतो. वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायू पण उतरतात. आधीच जेवण निम्मं, त्यात भात पहिला खाल्ला तर पोट भातानेच भरतं आणि मासा ताटातच राहतो. तर उलटं करा, आधी मासा, अंडं, उसळ, पनीर, मग भाजी, मग जागा उरली तर भात. कोकणी माणसाला हे ऐकायला कसंतरीच वाटतं, मला माहीत आहे. डॉक्टर साधारण वजनाच्या किलोमागे ग्रॅमभर किंवा थोडं जास्त प्रोटीन सांगतात, किडनीचा त्रास असेल त्यांना वेगळं. अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम माशात १८-२० ग्रॅम, कुळथाच्या पिठीच्या वाटीत जेमतेम सहा-सात. म्हणजे शाकाहारी घरात नुसत्या आमटीवर भागत नाही, मूग, चवळी, वाल, ताक, दही, पनीर मुद्दाम मोजून घ्यावं लागतं. सुकट, सुका बांगडा चालतो पण खारट असतो, बीपीवाल्यांनी जपून. आणि स्नायू टिकवायला नुसतं बीचवर चालणं पुरत नाही, पाखाडी चढा, खुर्चीतून हात न टेकता उठबस करा, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचला, आठवड्यातनं दोन-तीन वेळा काहीतरी जोर लागेल असं.

पाणी. भूक जाते तशी तहान पण कमी लागते, आणि आपल्याकडे नुसतं बसून घाम येतो. लघवी गडद झाली, उभं राहिल्यावर चक्कर आली तर पाणी कमी पडतंय. उलट्या-जुलाब एक दिवसापेक्षा जास्त चालले तर ओआरएस सुरू करा आणि डॉक्टरला फोन करा, किडनीवर ताण येतो. बद्धकोष्ठतेला पण पाणी, शेवग्याची पानं, तांबडी भाजी, पपई, आणि लागलं तर इसबगोल, पण इसबगोल भरपूर पाण्याबरोबरच, नाहीतर उलटं आणखी घट्ट होतं.

दारू कमीच करा, शक्य असेल तर सुरुवातीला बंदच. रिकाम्या पोटी चढते लवकर आणि पॅन्क्रियाजला ते नको असतं. उपास, श्रावण सोमवार, संकष्टी, हे शुगरची औषधं चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नका. गणपतीला एक मोदक खा, मनापासून खा, मला दोन झाले की पुरतात. हापूसचं पण तेच, जेवणाबरोबर एखादा, आमरसाची वाटी नको.

तीन-चार महिन्यांनी केस गळायला लागतात काहींचे. ते बहुतेक वजन पटकन उतरल्यामुळे असतं आणि परत येतात, पण प्रोटीन आणि रक्तातलं लोह एकदा बघून घ्या.

यात वाट बघायची नाही

पोटाच्या वरच्या भागात जोरात दुखतंय, पाठीत आरपार जातंय, थांबत नाहीये, सोबत उलट्या, तर ती पॅन्क्रियाजची सूज असू शकते. उजव्या बरगडीखाली दुखणं, ताप, डोळे पिवळे, म्हणजे पित्ताशयातले खडे असू शकतात. अचानक एका डोळ्याने दिसेनासं होणं. तोंड-गळा सुजणं, श्वास अडकणं. यातलं काहीही झालं तर पुढची सुई घ्यायची नाही आणि सरळ हॉस्पिटल. आपल्याकडे अडचण अशी की गाव खाडीपलीकडे आणि सोनोग्राफी तालुक्याला, त्यामुळे रात्री कुठे जायचं, गाडी कुणाची मिळेल हे सुई सुरू करतानाच ठरवून ठेवा, १०८ चा नंबर घरातल्या सगळ्यांना पाठ असू दे. आणि कुठलंही ऑपरेशन, अगदी एंडोस्कोपी किंवा भूल देऊन दात काढायचा असला तरी सांगा की हे इंजेक्शन चालू आहे, कारण उपाशी राहूनही पोटात अन्न असू शकतं आणि भुलीत ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

डोस वाढवणं, चुकणं

सेमाग्लुटाइड ०.२५ वरून ०.५, १, १.७ करत २.४ पर्यंत जातं, टिर्झेपटाइड २.५ वरून ५ आणि मग अडीच-अडीचने जास्तीत जास्त १५. प्रत्येक पायरीवर निदान चार आठवडे. शेवटच्या पायरीपर्यंत सगळ्यांनी गेलंच पाहिजे असं काही नाही. ज्या डोसवर भूक आटोक्यात आहे, वजन हळूहळू उतरतंय आणि तुम्ही माणसासारखं जेवू शकताय तिथे थांबायला डॉक्टर हरकत घेत नाहीत. शेजारचा १० वर गेला म्हणून आपण जायचं नाही.

सुई चुकली तर मौन्जारोला चार दिवसांच्या आत आठवलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या आणि ठरलेल्या वारी पुढची. वेगोवीला पुढच्या सुईला दोन दिवसांपेक्षा जास्त वेळ असेल तर घ्या, नाहीतर सोडा. दोन एकदम कधीच नाहीत. घाट बंद, माल आला नाही, असं करत दोन-तीन आठवडे गेले तर मागच्याच मोठ्या डोसवर परत उडी मारू नका, डॉक्टरला विचारा, बऱ्याच वेळा खालून परत चढावं लागतं. म्हणून शेवटचा डोस उरला की पुढचा पेन सांगून ठेवा, पावसाळ्यात तर आणखी आधी.

वजन किती उतरेल हे सगळेच विचारतात. सेमाग्लुटाइड २.४ च्या मोठ्या अभ्यासात, ज्याचे निकाल २०२१ ला आले, ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन कमी झालं. टिर्झेपटाइडच्या २०२२ च्या अभ्यासात ७२ आठवड्यांत ५ च्या डोसवर सरासरी १५ टक्के आणि १५ च्या डोसवर २१ टक्क्यांच्या आसपास. ९० किलोच्या माणसाला १५ टक्के म्हणजे साडेतेरा किलो, आणि तेही सव्वा-दीड वर्षात. आठवडे मोजा, दिवस मोजू नका, काट्यावर आठवड्यातनं एकदाच उभे राहा, सुईच्या वारी सकाळी. कंबरेचं माप टेपने घ्या, काटा थांबलेला असतो तेव्हा पण टेप हलते.

बंद केल्यावर काय, हेही आधी समजून घ्या. त्याच सेमाग्लुटाइडच्या अभ्यासातल्या काही लोकांना बंद केल्यावर वर्षभर बघितलं, उतरलेल्यातलं दोन-तृतीयांश वजन परत आलं होतं. बीपीची गोळी थांबवली की बीपी वर येतं तसंच आहे हे, यात तुमचा काही दोष नाही. त्यामुळे किती दिवस घ्यायचं, नंतर डोस कमी करून ठेवायचा काय, हे डॉक्टरशी सुरुवातीलाच बोला, आणि मनाने एकदम थांबवू नका.

घरच्यांना काय सांगायचं? वजन उतरायला लागलं की आमच्या मालवणी बायका विचारणारच, "काय गो, बारीक झालंस ती, तुका बरां नाय काय?" आणि ताटात आणखी एक वडा पडणारच. माझं म्हणणं असं की निदान घरात जेवण करणाऱ्या माणसाला सगळं खरं सांगा, कारण तिनेच प्रेमाने आग्रह केला तर तुम्ही नाही म्हणू शकत नाही, आणि तिला माहीत असेल तर तीच तुमच्यासाठी आधी माशाचा तुकडा वाढेल. बाहेरच्यांना सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

आणि वापरलेल्या सुया. घंटागाडीत सुट्या टाकू नका, परसात जाळू नका, खाडीत तर नाहीच नाही. जाड प्लास्टिकची बरणी घ्या, फिनाइलचा किंवा कपडे धुवायच्या लिक्विडचा रिकामा डबा चालतो, त्यात सुई टाकायची आणि झाकण लावायचं, पोरांच्या हाताला लागणार नाही असा वर ठेवायचा. पाऊण भरला की झाकणाला चिकटपट्टी लावून जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तुमच्या डॉक्टरच्या दवाखान्यात विचारून द्या, त्यांच्याकडे असा कचरा वेगळा जातो.